घरचा फोन इंटरनेटवर न्यावा का? तो आधीच तिथे आहे

नमस्कार ताई,

तुमचं पत्र आणि सोबतचं बिल दोन्ही नीट वाचलं. इतर वाचकांना कळावं म्हणून तुमची अडचण आधी थोडक्यात मांडते.

न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये तुमचं पाच जणांचं घर आहे. तुम्ही दोघं नोकरी करता, मुलं शाळेत आहेत आणि ७९ वर्षांच्या सासूबाई तुमच्याकडेच असतात. इंटरनेट आणि घरचा फोन एकाच केबल कंपनीचा, महिन्याचं बिल १४० डॉलर. हा फोन बंद करून इंटरनेट फोनचा अडॅप्टर घ्यावा, म्हणजे महिन्याला ५१ आणि वर्षाला ६१२ डॉलर वाचतील, असा तुमचा हिशेब. मिस्टरांचं म्हणणं, घरात आई आहे, लँडलाइनशी खेळ नको. सासूबाईंच्या गळ्यात पडल्या-झडल्यास दाबायचं बटण आहे आणि ते याच फोनवर चालतं. एक कंपनी अडॅप्टर फुकट देतेय, पण दोन वर्षांचे २४० डॉलर आगाऊ मागतेय. आणि पत्राच्या शेवटच्या दोन ओळींत तुम्ही लिहिलंय की क्रेडिट कार्डावर १,९०० डॉलर थकले आहेत, व्याज २४ टक्के.

माझं मत आधी सांगून टाकते. अडॅप्टर घ्या, पण फुकटवाला नको. ६१२ डॉलर वाचणार नाहीत. पहिल्या वर्षी शंभरेक वाचतील आणि पुढे दर वर्षी ३८४. आणि सासूबाईंच्या बटणाची सोय पक्की होईपर्यंत जुन्या फोनला हातही लावू नका.

मिस्टरांच्या काळजीपासून सुरुवात करते, कारण ती खरी आहे आणि आईसाठी आहे. पण ते ज्याला लँडलाइन म्हणतात, ती तुमच्या घरात उरलेलीच नाही. बिलाची दुसरी ओळ बघा, तिथे ‘डिजिटल व्हॉइस’ असं छापलंय. तुमच्या फोनची वायर भिंतीतून निघून केबल कंपनीच्या मोडेममागच्या खाचेत जाते. अडॅप्टर जे काम करतो, म्हणजे आवाजाचे तुकडे करून ते इंटरनेटवरून पाठवायचे आणि तिकडून आलेल्या तुकड्यांचा पुन्हा आवाज करायचा, तेच काम त्या मोडेमच्या पोटात आज चाललंय. तुम्ही इंटरनेट फोनच वापरताय, फक्त लँडलाइनच्या दराने.

खातरी करून घ्यायची असेल तर बटणाच्या कंपनीला आधी कळवा की आम्ही दोन मिनिटं लाइन तपासतोय. मग मोडेमची विजेची वायर काढा आणि रिसीव्हर कानाला लावा. टोन गेला तर तो फोन घरच्या विजेवर आणि इंटरनेटवर चालतो. जुन्या तांब्याच्या तारेवरचा टोन गेला नसता. तिला टेलिफोन एक्स्चेंजकडूनच ४८ व्होल्टचा पुरवठा होतो आणि एक्स्चेंजमध्ये त्यासाठी बॅटऱ्या असतात, म्हणून गावभर अंधार असतानाही तो फोन बोलतो.

हा फरक मी अंगावर अनुभवलाय. २९ ऑक्टोबर २०१२ ला सँडी वादळ न्यू जर्सीच्या किनाऱ्यावर आलं तेव्हा आमच्याकडे पुढचे सहा दिवस वीज नव्हती. माझे वडील तेव्हा पुण्याहून आले होते आणि त्यांची अँजिओप्लास्टी होऊन वर्षही झालं नव्हतं. आमचा घरचा फोन केबलवरचा, तो पहिल्याच रात्री मुका झाला. मोबाइलला कधी रेंज यायची, कधी नाही. वादळाच्या पट्ट्यातल्या साधारण एक चतुर्थांश मोबाइल टॉवरांची सेवा तेव्हा बंद पडली होती. समोरच्या आजोबांकडे तांब्याच्या तारेवरचा जुना फोन होता आणि तो चालू होता. सहा दिवस आमची सगळी गल्ली त्यांच्या दारात उभी राहून आपापल्या माणसांना फोन करत होती. तो फोन मी विसरलेले नाही. म्हणून ‘लँडलाइन कशाला हवी’ असं मी कुणाला सहज म्हणत नाही.

पण ती तारही आता सगळीकडे राहिलेली नाही. याच वादळानंतर मँटोलोकिंग या आपल्या किनाऱ्यावरच्या गावात व्हेरायझनने तांब्याचं जाळं पुन्हा टाकलंच नाही. तिथल्या लोकांना व्हॉइस लिंक नावाची बिनतारी डबी देऊ केली. केबलवरच्या आणि फायबरवरच्या फोनला बॅटरीचा आधार हवा, म्हणून २०१५ साली अमेरिकेच्या केंद्रीय दूरसंचार आयोगाने कंपन्यांना नियम घालून दिला की मागेल त्या ग्राहकाला बॅटरी देऊ करा. पैसे मात्र ग्राहकानेच भरायचे. त्या नियमाची मुदत २०२५ साली संपली. तुमच्या मोडेममध्ये अशी बॅटरी आहे का? बिलात तरी तिचा उल्लेख दिसत नाही.

तेव्हा मिस्टरांना सांगा, वीज गेली की आजही फोन जातो. अडॅप्टर आणल्याने ती बाजू बिघडणार नाही. उलट एक लहान यूपीएस, म्हणजे वीज गेल्यावर काही वेळ पुरवठा चालू ठेवणारी बॅटरीची पेटी, घेतलात तर थोडी सुधारेलच.

आता बिलाकडे येऊ, कारण तुमचा हिशेब इथे चुकलाय. तुम्ही फोनचे ३५, भारताच्या प्लॅनचे ७ आणि फोनवरच्या करांचे नि शुल्कांचे ९ असे ५१ डॉलर मोजलेत. बिलातले आकडे असे सुटे वजा होत नसतात. तुमचं इंटरनेट ७५ डॉलरला आहे ते फोनबरोबरच्या बंडलमुळे. फोन काढला की बंडल मोडतं आणि तुम्हीच विचारून घेतल्याप्रमाणे इंटरनेट ८५ वर जातं. म्हणजे ५१ चे झाले ४१. दुसरीकडे, तुम्ही न मोजलेली एक गोष्ट तुमच्या बाजूची आहे. बिलात मोडेमचं भाडं १४ डॉलर आहे. फोनची खाच असलेलं मोडेम तुम्हाला कंपनीकडूनच घ्यावं लागत होतं. फोन गेला की स्वतःचं साधं मोडेम लावता येईल. ते साधारण १२० डॉलरला मिळेल, म्हणजे नऊ महिन्यांच्या भाड्यात वसूल. घेताना कंपनीच्या मान्य मॉडेलांची यादी मात्र बघून घ्या.

म्हणजे नवं बिल ८५ आणि जुनं १४०. फरक ५५ डॉलर. घोटाळा टाळायचा असेल तर केबल कंपनीला एकच प्रश्न विचारा: ‘फोन आणि मोडेम काढल्यावर एकूण बिल किती येईल, ते लेखी द्या.’ फोनवरच्या माणसाने ‘फोनचे ३५ कमी होतील’ असं सांगितलं तरी त्यावर थांबू नका. एकूण आकडा घ्या.

या ५५ मधून नव्या फोनचा खर्च जाईल. तुम्ही पाठवलेल्या दरपत्रकाप्रमाणे नंबरचा महिन्याला १ डॉलर, ९११ या आणीबाणीच्या नंबरच्या सोयीचा दीड डॉलर, अमेरिकेतल्या बोलण्याला मिनिटाला १ सेंट आणि भारताला २ सेंट. तुमच्या घरातून महिन्याला साधारण ६०० मिनिटं इथल्या इथे बोलणं होतं, त्याचे ६ डॉलर. सासूबाई सांगलीच्या बहिणीशी बोलतात ती २०० मिनिटं धरली तर ४ डॉलर. मावशींकडे बटणांचाच फोन आहे, त्यामुळे व्हॉट्सअॅपचा उपयोग नाही, हे तुम्ही लिहिलंत ते बरं केलंत. सगळं मिळून साडेबारा, आपण १३ धरू. ५५ वजा १३ म्हणजे ४२ उरले.

आणि आता ते बटण.

तुम्ही हे एका ओळीत उरकलंत. मला मात्र तुमच्या पत्रातली सर्वात महागाची गोष्ट हीच वाटते. फोनलाइनवरचं बटण दाबलं की त्याची डबी लाइन ताब्यात घेते, आपल्या केंद्राला फोन लावते आणि ठरावीक सुरांत आपली ओळख पाठवते. हे सूर जसेच्या तसे पोचले तरच समोरच्याला कळतं की बटण कोणत्या घरातलं आहे. अडॅप्टरवर आवाज दाबून पाठवला जात असेल तर ते सूर फाटतात. माणसाचं बोलणं त्यातून नीट समजतं, यंत्राचे सूर समजतीलच असं नाही. आवाज न दाबता पाठवायची सोय अडॅप्टरमध्ये असते आणि तिने बहुतेक वेळा काम होतंही. पण सासूबाई न्हाणीघरात पडलेल्या असताना ‘बहुतेक वेळा’ हा शब्द मला चालणार नाही, आणि तुम्हालाही चालू नये.

म्हणून बटण फोनवरून काढून मोबाइल नेटवर्कवर न्या. तुमच्याच कंपनीने तशी डबी महिन्याला १० डॉलर जास्त घेऊन देऊ केलीय. त्या डबीला स्वतःची बॅटरी असते, त्यामुळे वीज गेल्यावरही ती काही काळ चालते. आजच्या व्यवस्थेत तर वीज गेली की फोन गेला आणि फोनबरोबर बटणही गेलं. हे तुम्हाला कुणी सांगितलं नव्हतं का? अडॅप्टर घ्या किंवा नका घेऊ, बटण तेवढं हलवाच. तुमच्या बचतीतून हे १० डॉलर गेले तर त्याची हळहळ नको.

राहिले ३२ डॉलर महिन्याला, वर्षाचे ३८४. सुरुवातीचा खर्च असा: अडॅप्टर ४५, मोडेम १२०, यूपीएस ८०, नंबर हलवायचे १०, आणि जुना-नवा फोन दोन महिने शेजारी शेजारी चालवायचे २६. एकूण २८१. नऊ महिन्यांत फिटतील. म्हणून पहिल्या वर्षी हातात १०३ डॉलर, पाच वर्षांत १,६३९. तुमच्या कागदावरच्या आकड्यापेक्षा हे कमी दिसतं, पण एवढे पैसे खरोखर उरतील.

फुकट अडॅप्टरवाल्या कंपनीचं बघू. २४० डॉलर दोन वर्षांचे, म्हणजे महिन्याला १०, वर कर वेगळे. तुमच्या १३ पेक्षा स्वस्त वाटतं. पण तो अडॅप्टर त्याच कंपनीला कुलूपबंद असतो, दुसऱ्या कुणाची सेवा त्यावर चालत नाही. आणि पैसे आधीच गेलेले असतात. २००७ च्या जुलैमध्ये सनरॉकेट नावाची कंपनी बंद पडली. १९९ डॉलरमध्ये वर्षभर फोन, अशी तिची प्रसिद्ध योजना होती. दोन लाखांहून जास्त ग्राहक एकाएकी फोनशिवाय उरले, हातात आगाऊ भरलेल्या पैशांची पावती आणि दुसरीकडे न चालणारी डबी. आगाऊ पैसे भरणं म्हणजे तुम्ही कंपनीला बिनव्याजी, बिनतारण कर्ज देणं. बँक असं कर्ज देणार नाही, मग तुम्ही का द्यावं? तेही स्वतः कार्डावर २४ टक्के भरत असताना?

‘पूर्ण फुकट’ मार्गाबद्दलही तुम्ही विचारलंय. ओबीहाय कंपनीच्या डब्यांवर गूगल व्हॉइस ही गूगलची इंटरनेट फोनची सेवा जोडून अमेरिकेत फुकट बोलणारी कितीतरी मराठी घरं मी इथे पाहिली आहेत. २०१८ मध्ये गूगलने जुनी जोडणी बंद केली आणि त्या कंपनीच्या सुरुवातीच्या डब्या गूगल व्हॉइससाठी निकामी झाल्या. त्याच वर्षी कंपनी पॉलीकॉमने घेतली, पुढे तो सगळा पसारा एचपीकडे गेला आणि त्या डब्या बनणंही थांबलं. शिवाय गूगल व्हॉइसच्या वैयक्तिक खात्यावरून ९११ ला फोन लागत नाही. सासूबाई असलेल्या घरात एवढं एक कारण मला पुरेसं आहे.

म्हणून स्वतःच्या मालकीचा, कुलूप नसलेला अडॅप्टर घ्या. तुम्ही बघितलेला ग्रँडस्ट्रीमचा एचटी ८०१ चांगला आहे. त्याला एकच फोनची खाच आहे आणि तुम्हाला तेवढीच लागते. उद्या सेवा देणारी कंपनी बुडाली किंवा महागली तर डबी तीच ठेवायची आणि त्यात दुसऱ्या कंपनीची माहिती भरायची. तुमचं नुकसान फार तर खात्यातल्या शिल्लक दहा-वीस डॉलरचं.

आता मांडणीबद्दल. हे लिहायचं कारण असं की एक संध्याकाळ खर्ची पडेल ती या कामात, आणि पैसे बुडायच्या जागाही इथेच आहेत.

अडॅप्टरची डबी राउटरला जोडायची, फोन डबीला. रिसीव्हर उचलून तीन वेळा चांदणी (*) दाबली की एक आवाज बोलायला लागतो. मग ०२ दाबलं की तो डबीचा पत्ता सांगतो, चार आकडे, मध्ये टिंबं. तो पत्ता संगणकाच्या ब्राउझरमध्ये टाकला की डबीचं पान उघडतं. नव्या डब्यांचा पासवर्ड खालच्या चिठ्ठीवर छापलेला असतो. तो पहिल्याच दिवशी बदला. आत फोनच्या खाचेच्या पानावर चार गोष्टी भरायच्या: कंपनीच्या सर्व्हरचं नाव, तुमचा खाते क्रमांक, तोच क्रमांक पुन्हा ओळख पटवण्याच्या रकान्यात, आणि पासवर्ड. जतन करून डबी पुन्हा सुरू केली की स्थितीच्या पानावर नोंदणी झाल्याचं दिसतं. टोन आला की अर्धं काम झालं.

उरलेल्या अर्ध्यात दोन-तीन त्रास हमखास येतात. फोन लागतो, त्यांना आपलं ऐकू येतं, आपल्याला त्यांचं येत नाही. बहुतेक वेळा याचं मूळ राउटरमध्ये असतं. त्यात सिप एएलजी नावाची एक सोय असते, ती मदतीला म्हणून दिलेली असली तरी गोंधळच घालते. ती बंद करा. दुसरं म्हणजे नंबर फिरवल्यावर चार सेकंद शांतता असते, कारण अजून आकडे येतील म्हणून डबी वाट बघते. शेवटी जाळीचं चिन्ह (#) दाबलं की फोन लगेच लागतो. सासूबाईंना हे शिकवा, नाहीतर लागला नाही असं समजून त्या ठेवून देतील.

तिसरा त्रास रात्रीचा. इंटरनेटवर असे अडॅप्टर हुडकत फिरणारे प्रोग्राम असतात, ते थेट तुमच्या डबीचं दार ठोठावतात आणि फोन वाजतो. उचलावं तर कुणीच नसतं. रात्री दोन वाजता फोन वाजला की आपल्या घरांत पहिला विचार गावाकडच्या बातमीचा येतो. सासूबाईंची ती धडकी टाळता येते. फक्त आपल्या कंपनीच्या सर्व्हरकडूनच आलेले फोन घ्यायचे, अशी एक निवड त्या पानावर आहे. ती आठवणीने चालू करा.

आणि आता पैशाची गोष्ट. कुणी तुमचा खाते पासवर्ड मिळवला तर तुमच्या खात्यावरून परदेशातल्या महागड्या नंबरांना रात्रभर फोन लावू शकतो, आणि बिल तुमच्या नावावर. म्हणून कंपनीच्या पानावर भारत सोडून बाकी सगळे देश बंद करा. डबीतही ०११९१ नेच सुरू होणारे परदेशी नंबर चालतील असं ठरवता येतं. खात्यात एका वेळी २० डॉलरच्या वर ठेवू नका आणि शिल्लक संपली की आपोआप भरणा होणारी सोय बंद ठेवा. सगळं चुकलं तरी नुकसान २० डॉलरवर थांबेल. शिल्लक ५ डॉलरच्या खाली आली की ईमेल यावी, एवढी सूचना मात्र लावून घ्या.

मग ९११. इंटरनेट फोनवरून केलेला ९११ चा फोन स्थानिक केंद्रात पत्त्यासह पोचला पाहिजे, हा नियम दूरसंचार आयोगाने २००५ साली केला. पण तो पत्ता डबीला आपोआप कळत नाही, तो तुम्हीच कंपनीकडे नोंदवायचा असतो. मजला, दाराचा क्रमांक, सगळं. डबी उचलून नणंदेच्या घरी नेली आणि तिथून ९११ लावला तर गाडी एडिसनलाच येईल. बऱ्याच कंपन्यांमध्ये ९३३ फिरवलं की नोंदलेला पत्ता वाचून दाखवतात. तो सासूबाईंसमोर एकदा ऐका, म्हणजे मिस्टरांचाही जीव भांड्यात पडेल.

यूपीएस मोडेम, राउटर आणि डबी, तिन्हींना मिळून लावायचं. ८० डॉलरचं यूपीएस एवढं ओझं दीड-दोन तास ओढेल. त्याहून जास्त अपेक्षा ठेवू नका, कारण गल्लीतल्या केबलच्या यंत्रणेची वीज गेली तर तुमचं यूपीएस असून उपयोग नाही. वादळाचा इशारा आला की एक मोबाइल पूर्ण चार्ज करून सासूबाईंच्या उशाशी ठेवायचा.

नंबरबद्दल फार सांभाळा. तुमचा ७३२ चा नंबर सासूबाईंच्या डॉक्टरांपासून सांगलीपर्यंत सगळ्यांकडे आहे. नवी सेवा आधी एका तात्पुरत्या नंबरवर महिनाभर चालवा. नीट चालली की मग नव्या कंपनीकडूनच जुना नंबर मागवा. जुना फोन आपण होऊन आधी बंद केलात तर नंबर गेला, तो परत मिळेलच असं नाही. अर्जावरचं नाव, पत्ता आणि खाते क्रमांक केबलच्या बिलाशी अक्षरशः जुळू द्या. आणि केबल कंपनीला आधी सांगून ठेवा की फोन जाणार आहे, इंटरनेट राहणार आहे. नाहीतर नंबर गेल्याबरोबर सगळंच खातं बंद झालं, असं व्हायचं. नंबर हलवण्याआधी बँकेत आणि सरकारी खात्यांत जिथे जिथे हा नंबर ओळख पटवायला दिलाय, तिथे मोबाइल नंबर घाला. अशा इंटरनेट नंबरांवर पासकोड पाठवायला बऱ्याच बँका नकार देतात.

एक खर्च मी आकड्यात धरलेला नाही, तो म्हणजे दुरुस्ती करणारा माणूस. डिसेंबरात तुम्ही दोघं मुलांना घेऊन पुण्याला जाणार आणि सासूबाई नणंदेबरोबर इथे राहणार, असं लिहिलंय. तेव्हा डबीचा दिवा विझला तर कोण बघणार? मोडेम, राउटर, डबी कोणत्या क्रमाने बंद करून चालू करायची, हे मराठीत मोठ्या अक्षरात एका कागदावर लिहून फोनशेजारी चिकटवा आणि नणंदेकडून एकदा करवून घ्या. एवढं करायला तुमच्या घरात कुणालाच वेळ किंवा आवड नसेल, तर अडॅप्टर सोडून द्या आणि मोबाइलला ब्लूटूथने जोडला जाणारा घरातला कॉर्डलेस फोन घ्या. त्याला महिन्याचं काही पडत नाही, पण घरचा नंबर एखाद्या मोबाइलवर न्यावा लागेल आणि तो मोबाइल कायम घरातच ठेवावा लागेल.

आता त्या शेवटच्या दोन ओळी. १,९०० डॉलरवर २४ टक्के म्हणजे महिन्याला ३८ डॉलर व्याज. तुमच्या फोनची सगळी बचत ३२ डॉलर. ताई, हे दोन आकडे शेजारी ठेवून बघा. फोनसाठी तुम्ही जेवढा अभ्यास केलात तेवढा या कार्डाचा केला असता तर पत्राचा विषय वेगळा झाला असता. मी रागावत नाही. ज्या बिलावर दर महिन्याला नजर पडते ते टोचतं आणि व्याज मात्र शिल्लक रकमेत मिसळून जातं, हे मी कितीतरी घरांत पाहिलंय.

मग फोनचे २८१ डॉलर आधी कार्डात भरावेत का? हाही हिशेब करून पाहिला. कार्डात भरले तर वर्षाला साधारण ६७ डॉलर व्याज वाचेल. फोनमध्ये घातले तर वर्षाला ३८४. तेव्हा फोनचं काम आधी करा, पण ते २८१ डॉलर बचत खात्यातून द्या, कार्डावर एकही वस्तू घेऊ नका. आणि फोन बदलल्याच्या महिन्यापासून ३२ डॉलर आपोआप कार्डाला जातील असं लावून टाका, सध्याच्या हप्त्याच्या वर. मुलांच्या ५२९ खात्यात, म्हणजे शिक्षणासाठीच्या बचत खात्यात, हे पैसे घालायचा तुमचा विचार चांगला आहे. न्यू जर्सीत २०२२ पासून, २ लाख डॉलरपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांना राज्याच्या ५२९ योजनेत भरलेल्या १०,००० डॉलरपर्यंतच्या रकमेवर राज्याच्या करात वजावटही मिळते. पण २४ टक्क्यांचं कर्ज फिटेपर्यंत ते थांबू दे. मुलं शाळेत आहेत, वर्षभराने काही बिघडत नाही.

उद्या पहिला फोन बटणाच्या कंपनीला करा. मोबाइल नेटवर्कवरची डबी कधी येईल, जुनी परत कशी करायची आणि घरातल्या कोणत्या खोल्यांपर्यंत बटण पोचतं, हे विचारा. डबी आली की सासूबाईंना न्हाणीघरात उभं करून बटण दाबायला सांगा आणि पलीकडचा माणूस त्यांच्याशी नीट बोलतोय ना, ते दाराबाहेरून ऐका. त्यांना इंग्रजी अवघड जात असेल तर हिंदी किंवा मराठी बोलणारं कुणी मिळतं का, हेही तेव्हाच कळेल. ते जमलं की केबल कंपनीकडून एकूण बिलाचा लेखी आकडा मागवा आणि मला पाठवा. ८५ च्या जागी दुसरं काही निघालं तर आपण हिशेब पुन्हा मांडू.